रात्रीची निजानीज: लहान मुलांसाठी घरची रीत कशी बसवावी

मूल झोपत नाही म्हणून रात्री घरात जो गोंधळ होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत सापडतं. टीव्ही चालू, मध्येच जेवण, मग कोणीतरी भेटायला आलं, मग मोबाइल, आणि साडेदहा वाजता एकदम "झोप आता!" दीड ते सात वर्षांच्या मुलाला घड्याळापेक्षा क्रम पक्का कळतो. कशानंतर काय येतं हे अंगवळणी पडलं की शेवटच्या पायरीला डोळे आपोआप जड होतात. म्हणून घराची स्वतःची एक रीत हवी. ती पाहुण्यांना विचित्र वाटली तरी बिघडत नाही. उलट जी गोष्ट दिवसभरात दुसऱ्या कुठल्याच वेळी होत नाही, तिचा मुलाच्या मनात एकच अर्थ राहतो: आता झोपायचं. टीव्ही, खाऊ, खेळ हे दिवसाही असतात, म्हणून त्यांच्याने हे काम होत नाही.

खाली जे सांगितलं आहे ते जळगाव, धुळे, नंदुरबारकडची घरं डोळ्यांसमोर ठेवून: एकत्र कुटुंब, मे महिन्यातलं ऊन, अवेळी जाणारी वीज आणि उन्हाळ्यात गच्चीवर पडणाऱ्या गाद्या.

वेळ सकाळपासून उलटी मोजा

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास आणि सहा वर्षांपुढे 9 ते 12 तास. यात दुपारची झोप धरली आहे. चार वर्षांचं मूल सकाळी सातला उठवावं लागत असेल आणि दुपारी तासभर झोपत असेल, तर रात्री नऊच्या सुमारास त्याचा डोळा लागलेला हवा. म्हणजे रीत सव्वाआठला सुरू. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा लागली की हाच हिशेब अर्धा-पाऊण तास मागे घ्या. तोही एका रात्रीत नको, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं.

दुपारची झोप हाच खानदेशातल्या उन्हाळ्याचा मोठा घोटाळा आहे. कूलरसमोर सगळं घर आडवं होतं आणि पोरं पाच-पाच वाजेपर्यंत झोपतात. मग रात्री अकराला ती टवटवीत असतात यात नवल नाही. साडेतीनला, फार तर चारला उठवा. उठवताना हाका मारण्यापेक्षा खिडकीचा पडदा सारा आणि पाण्याची वाटी हातात द्या. पहिली दहा मिनिटं मूल चिडचिडं असतं, ते सोसायचं.

जेवण आणि पाणी

झोपायच्या दीड-दोन तास आधी जेवण झालेलं असावं. घरात शेवभाजी असेल, भरीत असेल, ठेचा असेल, तर मुलाचा वाटा तिखट पडण्याआधीच वेगळा काढा. "थोडं तिखट चालतं त्याला" असं म्हणून भरवलेलं जेवण रात्री दोनला छातीत जळतं आणि मूल कशाने उठलं ते कळत नाही. रात्रीसाठी मुगाची मऊ खिचडी, किंवा दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी सगळ्यात बरी. केळं द्यायचं तर जेवणाबरोबर द्या, अंथरुणात नको. दात घासल्यावर तोंडात फक्त पाणी जाईल. दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात, हे सगळ्यांनाच दिसत असतं, तरी सवय सुटत नाही.

पाण्याचं मात्र जपून. अंथरूण ओलं होतं म्हणून मे महिन्यात संध्याकाळपासून पाणी तोडणं चूक आहे. दुपारी चार ते सात या वेळात भरपूर पाजा, मग शेवटच्या तासात दोन-चार घोट पुरतात.

दिवेलागणीपासून उजेड कमी करत चला

देवापाशी दिवा लागला, शुभं करोति झालं, की तो रात्रीचा पहिला इशारा. इथून पुढे घरातला उजेड एकेक पायरीने उतरवायचा. ट्यूबलाइट बंद, लहान पिवळा दिवा चालू. झोपायच्या तासभर आधी टीव्ही आणि मोबाइल दोन्ही बाजूला. डोळ्यांवर प्रखर उजेड असेपर्यंत झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात नीट वाढत नाही, आणि लहान मुलांत हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. एकत्र घरात आजोबांच्या बातम्या बंद करायला सांगणं कठीण असतं. तेव्हा टीव्ही बंद करण्याच्या वादात न पडता मुलाची वाट बदला: जेवणानंतर मुलाने टीव्हीच्या खोलीत परत जायचंच नाही, असा क्रम लावा.

हात-पाय-तोंड धुणं कोमट पाण्याने. कोमट पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि शरीर आतून किंचित थंड झालं की झोप येते. उन्हाळ्यात इथे उलटाच प्रश्न असतो: गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी संध्याकाळी सातलाही चटका देतं. सकाळीच एक बादली भरून मोरीत झाकून ठेवा, संध्याकाळी तेच वापरा. आधी स्वतःचं कोपर बुडवून बघा. हाताच्या तळव्याला कामाने राठपणा आलेला असतो, त्याला अंदाज येत नाही.

काशाची वाटी

काशाच्या वाटीने तळवे घासण्याची ही रीत जुनी, स्वस्त आणि अजूनही फार कामाची. काशाची वाटी घरात नसेल तर भांड्यांच्या दुकानात मागा. बूड गुळगुळीत आणि कडा गोल असलेली घ्या, ओरखडे असलेली नको.

पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट पूर्ण कोरडे करायचे. मूल अंथरुणावर बसलेलं किंवा पडलेलं असावं आणि त्याची टाच तुमच्या मांडीवर. टाचेखाली एक जुनं सुती फडकं. एका पायाला अर्धा चमचा खोबरेल तेल किंवा साजूक तूप बास होतं. जास्त घेतलं की वाटी नुसती घसरते, घासली जात नाही. वाटीचं बूड तळव्यावर टेकवून टाचेकडून बोटांकडे लांब हात न्यायचा, मग तळव्याच्या खोलगट भागात सावकाश गोल फिरवायची. एका पायाला दोन-तीन मिनिटं. पहिल्या मिनिटात बोलत राहा, दुसऱ्यात आवाज उतरवा, तिसऱ्यात गप्प व्हा. गुदगुल्या होऊन मूल खिदळत असेल तर दाब कमी पडतोय. हात हलका करू नका, थोडा दाब वाढवा आणि वेग कमी करा.

तळवा काळसर होतो, वाटीचं बूडही काळं पडतं. "उष्णता निघाली" असं म्हणायची पद्धत आहे, पण तो काळेपणा धातू आणि तेल एकमेकांवर घासल्याने येतो; कोणाचाही पाय घासला तरी येणारच. म्हणून काळं किती आलं यावरून मुलाची तब्येत ओळखू नका, आणि काळं येईपर्यंत घासतही बसू नका. मुलाला आराम मिळतो तो हाताच्या स्पर्शाने आणि ठरलेल्या लयीने. शेवटी ओल्या फडक्याने तळवा पुसून टाका, नाहीतर गोधडीवर बसलेले डाग निघत नाहीत. तेल लागलेल्या पायांनी मुलाला फरशीवर उतरू देऊ नका, सरळ आपटतं. म्हणूनच ही पायरी लघवीला जाऊन आल्यानंतरची. पायाला जखम, नायटा किंवा पुरळ असेल त्या दिवशी वाटी नको, नुसता हात ठेवा.

सगळ्यांना निजवून येणं

दीड-दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सगळ्यात लागू पडणारा विधी हा. मुलाला झोपवायचं नाही. मुलाने घराला झोपवायचं. ओट्यापासून सुरुवात करून आत येत जायचं आणि वाटेत ठरलेल्या गोष्टींना हात लावून, एकच वाक्य म्हणून निजवायचं. अहिराणी बोलणाऱ्या घरात "झोपी जाय वं तुयस", "झोपी जाय रे टॅक्टर" असं चालतं. भाषा घरात बोलता तीच ठेवा. आजीची अहिराणी आणि आईची पुस्तकी मराठी यांत मुलाचा गोंधळ होत नाही, फक्त रोज त्या त्या माणसाने तीच वापरावी.

नग सातच्या वर नेऊ नका. उदाहरणार्थ: तुळस, पायरीवरच्या चपला, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर, पाण्याचा माठ, देवघर, दिव्याचं बटण, आणि शेवटी गोधडी. क्रम बाहेरून आत आणि उजेडातून अंधाराकडे. दिव्याचं बटण मुलाच्याच हाताने बंद होतं, त्यामुळे अंधार त्याच्यावर कोणी लादला असं होत नाही. शेवटचा नग कायम गोधडी, कारण तिला निजवायचं तर तिच्यावर आडवं व्हावंच लागतं.

यात तीन गोष्टी बिघडतात. एक, यादी वाढत जाते. मूल हुशार असतं; चौथ्या दिवशी "कुलर राहिला", पाचव्या दिवशी "कुलरचं पाणी राहिलं". त्याला नाही म्हणू नका, "कुलरला घेऊ, मग आज कोणाला सुट्टी?" असं विचारा. एक आत, एक बाहेर. दोन, यादीत जिवंत आणि उड्या मारणारं काही घेतलं जातं. गोठ्यातलं वासरू किंवा कुत्रा घेतला की मूल तिथेच रमतं आणि जागं होतं. वासराला दिवेलागणीलाच भेटून यायचं. तीन, रोज वेगळा माणूस वेगळा क्रम लावतो. फुई (आत्या) आली की तिच्या क्रमाने, काका असले की त्यांच्या. यादी घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवी. भिंतीवर चित्रं काढून लावली तर मूलच मोठ्यांना दुरुस्त करतं.

चार वर्षांपुढे यालाच "आजचं गोड, आजचं तिखट" जोडता येतं. अंथरुणात पडल्यावर दिवसातली एक गोड आणि एक तिखट गोष्ट मुलाने सांगायची, तेवढीच घरातल्या मोठ्या माणसानेही. आधी तिखट, मग गोड. उलट केलं तर मुलगा मार खाल्ल्याची आठवण उशाशी घेऊन झोपतो. तिखटावर रात्री उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकून घ्यायचं. शाळेत काही खुपत असेल तर ते कळायची ही फार चांगली जागा आहे, आणि एकदा उपदेश केलात की दुसऱ्या दिवसापासून सांगणं बंद होतं.

दृष्ट काढणं

बऱ्याच घरी रात्री मीठ-मोहरी ओवाळली जाते. मुलांना ते आवडतं: आजी समोर बसते, मूठ फिरते, सगळे एक क्षण गप्प होतात. विधी म्हणून तो सुंदर आहे, ठेवावा. मात्र मिरच्या विस्तवावर टाकून तो धूर झोपायच्या खोलीत करू नका. दमा किंवा बालदमा असलेल्या मुलाला त्याने रात्रभर खोकला लागतो, तान्ह्याला तर फारच त्रास होतो. चिमूटभर मीठ आणि मोहरी कागदावर घेऊन ओवाळा आणि बाहेर टाका. डोळ्यांत काजळ घालू नका; त्यात शिसं असू शकतं. आणि ताप असेल, मूल दूध घेत नसेल, सारखं कळवळून रडत असेल, तर आधी डॉक्टर.

गोष्ट, आन्हा (कोडी) आणि आवाज

गोष्ट रोज नवी लागत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट महिनाभर चालते, कारण पुढचं ठाऊक असण्यातच त्याला स्वस्थता वाटते. चिऊताई-काऊची गोष्ट त्यासाठीच बांधल्यासारखी आहे: काऊ दार वाजवतो, चिऊ "थांब, माझ्या बाळाला..." म्हणते, पुन्हा दार, पुन्हा उत्तर. दर वेळी आवाज एक पट्टी खाली आणा, दोन वाक्यांतली थांबण्याची वेळ वाढवा. काही घरांत ही गोष्ट कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवून संपते. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी रात्री तो शेवट गाळा, कावळ्याला घरात घ्या आणि निजवा. बागुलबुवा येईल, पोलीस नेतील असं सांगून झोपवलेलं मूल डोळे मिटतं, पण झोपत नाही, आणि पुढे महिनोन्‌महिने एकटं मोरीपर्यंत जात नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना आन्हा आवडतात. रात्री तीनच घाला, आणि त्यातलं शेवटचं त्यांना आधीपासून येत असलेलं असू द्या. "उत्तर सकाळी सांगेन" हे मात्र रात्री करू नका. न सुटलेलं कोडं डोक्यात फिरत राहतं आणि चुलत भावंडं एकमेकांना कोपरखळ्या मारत तासभर कुजबुजतात.

अंगाईला सूर चांगला असण्याची गरज नाही. पाठीवर थापटण्याचा वेग सुरुवातीला साधारण सेकंदाला एक, मग हळूहळू विलंबित, शेवटी नुसता हात ठेवलेला. डोळा पूर्ण लागण्याआधीच हात काढून घ्या. हे जमायला आठवडा लागतो, पण यातच खरी मेख आहे: मूल ज्या अवस्थेत झोपलं, रात्री मध्येच जाग आल्यावर त्याला तीच अवस्था परत हवी असते. झोक्यात झोपलेल्याला दोन वाजता झोका हवा, थापटत झोपलेल्याला थापटणं.

साडीची झोळी बांधत असाल तर आड्याचा किंवा हुकाचा भार आधी स्वतः लोंबकळून बघा, झोळीचं बूड जमिनीपासून गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि एका वर्षाच्या आतलं बाळ झोळीत रात्रभर ठेवू नका. झोळीत मान छातीकडे वाकते आणि श्वास अडू शकतो. डोळा लागला की त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर ठेवा. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी जवळ नकोत.

उन्हाळा, गच्ची, वीज

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅब दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता रात्री सोडत राहतो. गच्चीवर झोपायचं तर साडेसहाला एकदा आणि ऊन पूर्ण गेल्यावर पुन्हा एकदा पाणी मारा. पहिलं पाणी नुसतं वाफ होऊन जातं. फरशी सुकल्याशिवाय अंथरूण घालू नका. मूल दोन मोठ्यांच्या मध्ये, कठड्यापासून आणि जिन्याच्या तोंडापासून लांब. जिन्याचं दार लावलेलं. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. गोधडी आणि उशी घालण्यापूर्वी झटकणं हा विधीचाच भाग करा, मुलं आनंदाने करतात. इकडे विंचू निघतो, त्यामुळे झटकणं चुकवायचं नाही.

पहाटे साडेपाच-सहाला उजेड होतो आणि मूल उठतं. म्हणून गच्चीवरच्या दिवसांत झोपायची वेळ लवकर हवी, उशिरा नव्हे. सुट्टी आहे म्हणून अकरापर्यंत जागवलेलं मूल दिवसभर किरकिरत राहतं.

घरात कूलर असेल तर समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते आणि झोप उडते. झोत थेट तोंडावर नको. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी पुसून कोरडी करा, डेंग्यूचे डास त्यातच होतात.

रीतीतली कुठलीही पायरी विजेवर अवलंबून ठेवू नका. मोबाइलवरची अंगाई ऐकून झोपणारं मूल लाइट गेली, चार्जिंग संपलं की हवालदिल होतं. वाटी, यादी, गोष्ट यांना काहीच लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडची रात्र चांगलीच गारठते, तेव्हा अंगात सुती कपड्यांचे दोन थर आणि पायमोजे पुरतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

पाहुणे, आखाजी, कानबाई

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाच्या गावी गेलं की सगळं उधळतं, आणि उधळू द्यावं. झोके, गौराई, रात्रीची गाणी यांतून मुलाला साडेआठला उचलून आणण्यात काही हशील नाही. कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री तर घरच जागं असतं. सोबत वाटी आणि मुलाची स्वतःची गोधडी घेऊन जा, आणि कितीही उशीर झाला तरी शेवटच्या दोन पायऱ्या तेवढ्या करा. घरी परतल्यावर रात्रीची वेळ ताणत बसण्यापेक्षा सकाळी ठरलेल्या वेळेला उठवा. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते.

वडील दुकानातून, कामावरून किंवा शेतावरून साडेनऊला येत असतील, तर नेमकं डोळे मिटताना घरात हसणं-खेळणं होतं. त्यांना सकाळचा एक विधी पूर्ण द्या, किंवा त्यांची वेळ आधीची असेल तर गोष्ट फक्त त्यांची. मूल झोपताना त्यांनी येऊन उचलून घ्यायचं नाही, हे प्रेमाने पण आधीच ठरवून घ्या.

रीत बसत नसेल तर

पहिले तीन-चार दिवस रडणं वाढतं. एकाच वेळी सगळं बदलू नका; आधी फक्त वाटी, ती आठवडाभर टिकली की यादी, मग गोष्ट. मूल अंथरुणात तासभर लोळत असेल तर वेळच चुकली आहे: ते खरोखर ज्या वेळी झोपतं, समजा दहाला, तिथे रीत आणून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत झोप लागू लागली की दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडे सरका.

"पाणी", "शू", "एक सांगायचं राहिलं" असं करत वारंवार उठणाऱ्या चार वर्षांपुढच्या मुलाला झोपताना दोन बांगड्या द्या. प्रत्येक वेळी उठायचं तर एक बांगडी द्यायची. दोन्ही संपल्या की उठणं संपलं. उरलेली बांगडी सकाळी मोजून तिच्या बदल्यात त्याच्या आवडीचं एक काम, जसं की कोंबड्यांना दाणे टाकणं. यासाठी चिंचोके किंवा कवड्या देऊ नका, तोंडात जातात. आजी-आजोबांना हा हिशेब समजावून सांगितलेला असावा, कारण तिसरी बांगडी नेहमी त्यांच्याचकडून मिळते.

मूल रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास मध्येच थांबतोय असं वाटत असेल, कायम तोंडाने श्वास घेत असेल, किंवा रात्री शौचाच्या जागी खाजवत जागं होत असेल, तर टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड किंवा जंत असू शकतात. तिथे रीत कितीही चांगली बसवली तरी उपयोग होणार नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि किती वाजता झोपतं, किती वेळा उठतं, हे आठवडाभर कॅलेंडरच्या चौकोनांत लिहून ते पान सोबत न्या.